दोन बोटं डिझेल

नाशिक, १२ सप्टेंबर २०२४

चि. केयूर,
अनेक आशीर्वाद.

गाडी तुझ्या ताब्यात देऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत तुझे पाच फोन आले आणि मी एकही उचलला नाही, त्याचा राग मानू नकोस. गाडीविषयी मी फोनवर बोलणार नाही. निवृत्त होऊन नाशिकला येण्याआधी कोलकात्याजवळ बजबजच्या तेल डेपोत छत्तीस वर्षं काढली. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कोणी कबूल करत नाही, एवढं मी तिथे शिकलो. तेव्हा जे असेल ते लेखी पाठव, मीही लेखी उत्तर देईन. तू प्रेमलताच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, मला परका नाहीस. पण नातं नात्याच्या जागी आणि गाडी गाडीच्या जागी. तुझी मावशी यावर हसते. हसू दे.

गाडीबरोबर चार वह्या दिल्या आहेत त्या नीट ठेव. २०१४ची पिकअप गाडी मी २०१८ साली घेतली, तेव्हापासूनचा प्रत्येक दिवस त्यांत आहे. सकाळी सातला मीटर, संध्याकाळी साडेसातला मीटर, आणि दोन्ही वेळा टाकीत पितळी गज बुडवून डिझेलची उंची. डेपोतल्या मोठ्या टाक्या आम्ही अशाच मोजायचो. लोक मला हसले, पण सहा वर्षांत माझं कपभर डिझेल कोणाला चोरता आलं नाही. गजही सीटमागे ठेवला आहे. रोज वापर.

मी नोकरीत असल्यामुळे गाडी कागदोपत्री मावशीच्या नावावर होती. विक्रीच्या कागदांवर तिची सही दिसते ती त्यामुळे. कारभार सगळा माझा. गाडी एका कंत्राटदाराकडे ग्रीसचे आणि ऑइलचे पिंप वाहायला लावली होती आणि निमाई चालवायचा. आता तो त्याच कंत्राटदाराची दुसरी गाडी चालवतो. माणूस बरा, पण ड्रायव्हर तो ड्रायव्हर. विश्वास पानिपतावर गेला. तू स्वतः चालवणार आहेस हे उत्तम. गाडी कोणाला उसनी देऊ नकोस. तुझ्या आईने २०१९ साली एकदा नेली होती, तेव्हा दोन बोटं डिझेल... असो. गेलेल्या माणसाचं बोलू नये.

तुझा,
जयप्रकाशकाका


सॉल्ट लेक, कोलकाता, ६ ऑक्टोबर २०२४

ती. काकांना सा. नमस्कार,

माझं लेखी मराठी कच्चं आहे. शाळा इथलीच, आईने घरी शिकवलं तेवढंच. सांभाळून घ्या.

तुम्ही लेखी म्हणालात म्हणून लेखी. गाडी सकाळी चालू होत नाही. चावी फिरवली की सेल्फ कण्हतो, चौथ्या-पाचव्या वेळेला इंजिन खोकतं, मग पांढरा धूर, आणि उल्टाडांगाच्या चढावर काळा. मागच्या बसमधली माणसं नाकाला रुमाल लावतात. मिस्त्रीने बॅटरी बदलायला लावली. मग म्हणाला, बॅटरी ठीक होती, हीटर प्लग गेलेत. ते बदलले. मग म्हणाला, डिझेल फिल्टरमध्ये पाणी आहे. तेही केलं. आता कमानपाट्यांकडे बघून मान हलवतोय. त्याने मान हलवली की माझे तीन हजार जातात, हे मला कळायला लागलंय.

काका, मी हैदराबादची नोकरी सोडून आईच्या या फ्लॅटमध्ये परत आलोय. जमवलेलं सगळं या गाडीत आहे. पहाटे सियालदहच्या घाऊक बाजारातून भाजी उचलतो आणि सातच्या आत सेक्टर फाइव्हमधल्या चार ऑफिसांच्या कँटीनना पोचवतो. दोनदा उशीर झाला तर एक जण नमस्कार करणार आहे. त्याने तसं हसत सांगितलं, पण सांगितलं. विमा, फिटनेस, रोड टॅक्स, धुराचं सर्टिफिकेट हे धरून चाललो होतो. दर आठवड्याला मिस्त्री धरला नव्हता.

तुमच्या वह्या वाचल्या. अक्षर सुंदर आहे. पण हीटर प्लगचा उल्लेख कुठेच नाही. गाडी तुमच्याकडेही अशीच खोकत होती का?

मावशीला नमस्कार.
केयूर


नाशिक, १७ ऑक्टोबर २०२४

चि. केयूर,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेवटच्या प्रश्नात मला संशयाचा वास आला. आला तर आला म्हणून सांगतो.

माझ्याकडे गाडी पहिल्या चावीला चालू होत असे. मी ती रात्री उघड्यावर ठेवत नव्हतो. तू ठेवतोस का, ते लिहिलं नाहीस. डिझेल कुठे भरतोस तेही नाही. फिल्टरमध्ये पाणी माझ्या पंपावरून आलेलं नाही. तुझ्या मिस्त्रीविषयी म्हणशील तर जो माणूस आधी बॅटरी बदलतो आणि मग ती ठीक होती असं सांगतो, त्याला मी माझी सायकलही दाखवणार नाही. जुनी बॅटरी परत मागितलीस का? नसशील मागितली. ती आता दुसऱ्या कुणाच्या गाडीत नवी म्हणून बसली असेल.

दहा वर्षांची डिझेल गाडी म्हटली की थोडं दुखणंखुपणं असणारच. पाटे दबतात, क्लच झिजतो, रेडिएटर पाझरतो. त्यासाठीच महिन्याला काही बाजूला काढून ठेव असं मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे. मीटरवर एक लाख एकतीस हजार आहेत आणि ते खरे आहेत. या वयाच्या गाड्या बाजारात दोन लाखांच्या खाली मिळत नाहीत. तुला भाचा म्हणून त्याहून कमीत दिली.

तू लहानपणी खेळणी उघडून बसायचास आणि मग मोडलं म्हणून रडायचास, हे मावशीने आत्ताच सांगितलं.

जयप्रकाश


सॉल्ट लेक, २४ नोव्हेंबर २०२४

ती. काका,
नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. होतं ते रागाचं होतं.

क्लच प्लेट गेली. इंजेक्टर दोन गेले. टर्बोचा पाइप फुटला तो बायपासवर, भर रहदारीत, मागे चाळीस किलो टोमॅटो आणि पालक. ज्या कँटीनवाल्याने हसत सांगितलं होतं त्याने आता न हसता सांगितलं. चारातलं एक गिऱ्हाईक गेलं. या महिन्यात गाडीने मला खाल्लं, मी गाडीचं काही खाल्लं नाही.

तुम्ही म्हणालात म्हणून मिस्त्री बदलला. नवा म्हातारा आहे, कमी बोलतो. त्याने गाडीखाली जाऊन मला बोलावलं आणि गिअरबॉक्सजवळ बोट दाखवलं. मीटरची केबल तिथे एका नटने बसवलेली असते. ती सोडवली की गाडी पळते, पण मीटरचा आकडा जागचा हलत नाही. आयुष्यात तो नट दोन-चारदा उघडावा लागतो, म्हणाला. आपला नट उघडून उघडून गोल झालाय. त्याचे आटे गेलेत, घट्ट बसावा म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. म्हाताऱ्याने विचारलं, "शंभर बार खोला है. किसका गाडी था?"

माझ्या काकांची, असं सांगायची लाज वाटली.

काका, एक लाख एकतीस हजार खरे आहेत, असं तुम्ही लेखी दिलंय. मावशीचीही सही आहे. मी सरळ विचारतो, मलाही सरळ सांगा. मीटर बंद ठेवून गाडी किती चालवलीत? ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मला पैसे परत नकोत. आई गेल्यावर माझी म्हणावी अशी माणसं तुम्ही दोघंच उरलात, आणि तुम्ही मला फसवलंत की नाही, हे मला कळायला हवं.

केयूर


नाशिक, ४ डिसेंबर २०२४

केयूर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन दिवस जेवलो नाही. माझ्या नोकरीत माझ्यावर एकदाही चौकशी बसली नाही. ती माझ्या भाच्याने बसवली.

वह्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत. मी त्या पुन्हा तपासल्या. एका दिवसाचीही चूक नाही. डिझेल आणि किलोमीटर यांचा मेळ सहा वर्षं अचूक बसतो. अचूक! मग मी विचार केला, मीटर बंद करून गाडी चालवली तर डिझेल कमी व्हायला हवं. ते कमी झालेलं नाही, याचा अर्थ कोणीतरी मोजून परत भरत होतं. इतकी अक्कल आणि इतकी संधी असलेला माणूस एकच. किल्ली निमाईकडे असायची. मंगळवारी आणि शुक्रवारी कंत्राटदाराचं काम नसायचं, गाडी गल्लीत उभी असायची, मी डेपोत. त्या दिवशी तो माझी गाडी भाड्याने फिरवत होता. सहा वर्षं मी त्याला दिवाळीला कपडे दिले.

आजच त्याच्या कंत्राटदाराला रजिस्टर पत्र पाठवलं आहे, प्रत सोबत जोडतो. असा माणूस गाडीवर ठेवणं धोक्याचं आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. तू त्या नटचा फोटो काढून पाठव आणि मिस्त्रीचा लेखी जबाब घे. पुढे पोलिसात द्यायला लागेल.

आता तरी तुझ्या लक्षात आलं असेल की फसवलं कोणाला गेलंय.

जयप्रकाश


नाशिक, ५ डिसेंबर २०२४

केयूर बाळा,

हे पत्र तुझे काका बँकेत गेलेत तोवर लिहिते आहे. वाचून झालं की फाडून टाक.

मीटरची केबल निमाई काढायचा. काढायला मी सांगत होते. आणि मला तसं करायला लावलं ते तुझ्या आईने.

रजनीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा तू हैदराबादला होतास. तिने तुला सांगितलं होतं की हॉस्पिटलची गाडी न्यायला येते. हॉस्पिटलची कसली गाडी येणार? पहिल्या दोन वेळा ती टॅक्सीने गेली. दुसऱ्यांदा येताना टॅक्सीतच तिची शुद्ध हरपली, आणि टॅक्सीवाल्याने तिला सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीत बसवून दिलं. मला हे चार दिवसांनी कळलं. मी म्हटलं, माझी गाडी पाठवते. ती म्हणाली, मेले तरी त्या गाडीत बसणार नाही.

तुला आठवत असेल किंवा नसेल, २०१९ला तिने एक दिवस गाडी नेली होती, तुझ्या बाबांचं कपाट हावड्याच्या पार्सल ऑफिसातून आणायला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रजनी, दोन बोटं डिझेल कमी आहे. कुठे कुठे फिरलात?" तिने तिथेच पर्स उघडली आणि पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते घेतले आणि मोजले. तेव्हापासून ती आमच्या घरी आली नाही.

शेवटी निमाई स्वतः तिच्याकडे गेला. काय बोलला देव जाणे, पण ती तयार झाली. अट एकच होती. जयप्रकाशना कळता कामा नये, मीटरवरून नाही आणि डिझेलवरूनही नाही. बोटभरही नाही. म्हणून मंगळवारी-शुक्रवारी ते डेपोत गेले की निमाई केबल काढायचा. पाच वाजेपर्यंत परत यायचा, येताना कॅनमधून डिझेल आणायचा, आणि मी स्वतः गज बुडवून सकाळच्या खुणेपर्यंत भरायला लावायची. घरी आल्यावर ते बॉनेटला हात लावून बघतात, गरम आहे का म्हणून. म्हणून मी बॉनेटवर दोन बादल्या पाणी ओतायची आणि सांगायची, आज गाडी धुतली. चौदा महिने माझ्या गाडीइतकी स्वच्छ गाडी बजबजमध्ये नव्हती.

मी स्वतः तिच्याबरोबर अकराच वेळा जाऊ शकले. बाकी दिवशी घरी थांबावं लागे, कारण दीड वाजता काकांचा घरच्या फोनवर फोन येतो. तो मी उचलला नाही तर संध्याकाळी पंचवीस प्रश्न. एकंदर एकशे अठरा फेऱ्या झाल्या. मी कॅलेंडरवर टिंबं करत होते. नऊ हजार किलोमीटर होतील. विक्रीच्या कागदावर सही करताना ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि तरी मी सही केली. निमाई म्हणायचा, नऊ हजाराने डिझेल इंजिन मरत नाही. तरी ही माझी चूक. तू विचारलंस, फसवलं का. हो, मी फसवलं.

पण निमाईने नाही. रजनीला त्याने शब्द दिलाय, तो तोंड उघडणार नाही, त्याची नोकरी गेली तरी. तू एवढंच कर. काकांना लिही की मिस्त्रीची चूक झाली, नट ठीक आहे. तू तक्रार मागे घेतलीस तर ते शांत होतील. मला त्यांना सांगण्याचं धैर्य नाही रे. एकोणचाळीस वर्षं संसार केला आणि अजून नाही.

तुझी,
प्रेमलतामावशी


सॉल्ट लेक, १४ डिसेंबर २०२४

ती. काकांना सा. नमस्कार,

मागच्या पत्रात मी फार बोललो, माफ करा. दुसऱ्या मेकॅनिकला गाडी दाखवली. तो म्हणाला, नट कंपनीतूनच तसा आला असेल, किंवा आधीच्या मालकाच्या वेळचा असेल. मीटरमध्ये काही गडबड नाही. इंजिनही चांगलं आहे, गाडीचं वय झालंय एवढंच. इंजेक्टर बदलल्यावर आता पहिल्या चावीला चालू होते. काळा धूरही गेला.

तेव्हा माझी तक्रार मी लेखी मागे घेतो. निमाईदाच्या कंत्राटदारालाही तुम्ही तसं कळवा, ही विनंती. त्याचा यात काही दोष नाही. लगेच कळवलंत तर बरं होईल.

केयूर


नाशिक, २३ डिसेंबर २०२४

केयूर,

तुझं पत्र मिळालं. त्यात तू निमाईला 'निमाईदा' म्हटलं आहेस. आधीच्या एकाही पत्रात त्याचं नावसुद्धा नव्हतं. तुमची ओळख कधी झाली?

नोव्हेंबरात नट गोल होता, त्यावर रबर होतं, शंभरदा उघडलेला होता. डिसेंबरात तोच नट कंपनीतून आला. मी इतका खुळा नाही. तू बजबजला जाऊन त्याला भेटलास आणि त्याने तुला काहीतरी देऊन गप्प केलं, किंवा तुम्ही दोघांनी मिळून गाडीवर काही धंदा काढायचं ठरवलंय. कोळसा उगाळावा तितका काळाच.

कंत्राटदाराचं उत्तर आलं. त्याने निमाईला बोलावून विचारलं. निमाई म्हणाला, "मेरा कुछ बोलने का नहीं है." निर्दोष माणूस असं बोलेल? वीस तारखेला त्याच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली आहे. पंधरा जानेवारीपर्यंत त्याने लेखी कबुली दिली नाही, तर मी बजबजला येऊन ठाण्यात तक्रार देणार. तिकीट काढून ठेवलं आहे. तुझाही जबाब घ्यायला सांगेन.

प्रेमलताला हे वाचून दाखवलं. ती मान वर न करता कणीक मळत राहिली. तिलाही तुझं वागणं लागलेलं दिसतं.

जयप्रकाश


नाशिक, २४ डिसेंबर २०२४

अहो,

आपण एकाच घरात राहतो. हे सकाळी चहा देताना सांगता आलं असतं. पण तुम्ही म्हणाला असतात, लेखी दे. म्हणून लेखी देते आहे.

गाडीची केबल माझ्या सांगण्यावरून काढली जायची. नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२३. मंगळवार आणि शुक्रवार. गाडी रजनीला डायलिसिसला न्यायची आणि घरी सोडायची. डिझेल मी माझ्या पैशांतून भरत होते, तुमच्याच गजाने मोजून. तुम्ही केयूरला लिहिलंत की वह्यांचा मेळ अचूक बसतो. तो मी बसवत होते. केयूरला हे मीच पाच तारखेला कळवलं आणि तक्रार मागे घ्यायला लावली. त्याला निमाईने काही दिलेलं नाही. त्यांची अजून भेटही झालेली नाही.

तुम्ही याला चोरी म्हणाल. गाडी माझ्या नावावर होती. माझ्याच गाडीची मी चोरी करत होते, आणि भीती कशाची होती तर बॉनेट गरम लागेल याची. काल तुम्ही मला ते पत्र वाचून दाखवलंत तेव्हा मला माझीच किळस आली. एक माणूस माझ्या बहिणीला चौदा महिने हाताला धरून चढवत-उतरवत होता. त्याची भाकरी जात होती आणि मी कणीक मळत उभी होते.

तुमचा मुळात स्वभाव संशयी, तो मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखला. त्याच्याशी जमवून घेतलं, आणि जमवून घेता घेता मी खोटारडी झाले. त्यात तुमचा दोष अर्धा आणि माझा अर्धा. पण एक गोष्ट मात्र तुमच्या एकट्याची आहे. तुम्हाला ठाऊक होतं की रजनीचं डायलिसिस चालू आहे. त्या चौदा महिन्यांत रोज संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, गाडी किती चालली. रजनी कशी आहे, हे एकदाही विचारलं नाहीत.

मी दुपारच्या गाडीने कोलकात्याला निघते आहे. कंत्राटदारासमोर मी स्वतः उभी राहणार. डबा ओट्यावर आहे, भाजी फ्रिजमध्ये.

प्रेमलता


नाशिक, १२ जानेवारी २०२५

चि. केयूर,
आशीर्वाद.

कंत्राटदाराला पहिलं पत्र मागे घेतल्याचं कळवलं आहे. निमाईला किल्ली परत मिळाली असं त्याने लिहिलं. प्रेमलता तुझ्याकडे आहे हे त्याच्याकडूनच कळलं. मी रोज फोन करतो, ती उचलत नाही. काल फक्त निरोप आला, जे असेल ते लेखी.

तिकीट रद्द केलं.

तुझ्याविषयी मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. गाडीच्या दुरुस्तीला जे लागलं त्यात माझा वाटा किती ते सांग. हे मी आधी लिहायचं ठरवलं होतं, पण लिहिताना लक्षात आलं की मला हे विचारायचंच नाही.

रजनी कशी होती? मी तेराव्याला आलो, फोटोला हार घातला, बोललो तुझ्याशी भाजीच्या भावाविषयी. त्या दिवसांत तिला गाडीत चढवत होतं का? फार त्रास होता का? कोणी तिच्याजवळ बसायचं का, की एकटीच असायची? माझ्याविषयी काही म्हणाली असेल तर तेही लिही. वाईट असेल तरी लिही. तू तिचा मुलगा, तुला सगळं माहीत असेल. सविस्तर लिही.

तुझा,
जयप्रकाशकाका


सॉल्ट लेक, २६ जानेवारी २०२५

ती. काकांना सा. नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.

मी हैदराबादला होतो. दर रविवारी फोन करायचो. आई म्हणायची, बरी आहे, हॉस्पिटलची गाडी येते, ड्रायव्हर चांगला आहे. मी कधी विचारलं नाही, कोणत्या हॉस्पिटलची गाडी घरी न्यायला येते. विचारलं असतं तर मला यावं लागलं असतं. मी आलो तेव्हा शेवटचे चार दिवस उरले होते आणि ती बोलत नव्हती. नोव्हेंबरात मी तुम्हाला मोठ्या तोंडाने विचारलं, मला फसवलंत का. तेव्हा मला वाटत होतं, विचारायचा हक्क फक्त माझा आहे.

मावशीलाही थोडंच माहीत आहे, ती अकरा वेळा गेली. उरलेल्या एकशे सात वेळा आईजवळ निमाईदा बसला होता.

गेल्या रविवारी मी गाडी घेऊन बजबजला त्याच्याकडे गेलो. आधी तो मला आत घ्यायला तयार नव्हता. आईला दिलेला शब्द अजून पाळतोय. मावशी गाडीतून उतरली, तिने सांगितलं की साहेबांना सगळं कळलंय, तेव्हा दार उघडलं. मग अडीच तास बोलला. आई काय खायची, परतताना कुठे गाडी थांबवायला लावायची, कशावर हसायची, कोणत्या दिवशी रडली आणि तुमच्याविषयी काय म्हणाली. मी काही वेळ ऐकलं आणि मग मला उठून बाहेर जावं लागलं. परत येऊन उरलेलं ऐकलं.

ते सगळं मी तुम्हाला लिहून पाठवणार होतो. निघताना तसं त्याला सांगितलं. त्याने नको म्हटलं. म्हणाला, "साहेबांना ऐकायचं असेल तर त्यांनी इथे यावं आणि माझ्यासमोर बसावं. मी लिहून देणार नाही."

केयूर